बिरूची दाढी आणि नाताळची गाडी

१ डिसेंबर, सोमवार

खताच्या दुकानातून फुकट मिळालेली ही डायरी वर्षभर दिवाणाखाली कोरीच पडली होती. आज काढली, कारण आज आमच्या रानात आगगाडी आली. अशा घटनेची नोंद कुठेतरी व्हायला हवी, आणि कुंभारीतली माणसं ती नीट करतील यावर माझा विश्वास नाही.

आगगाडी म्हणजे रुळांवरची नव्हे. सोलापुरात मुलांची एक बाग बंद पडली, तिथली ही गाडी. रबरी चाकं, चार डबे, पुढे पत्र्याचं इंजिन आणि त्या पत्र्याच्या पोटात छोटा ट्रॅक्टर. रंग उडालाय, पण शिट्टी खणखणीत आहे. ट्रकमधून उतरवताना ती चुकून वाजली आणि शेजारच्या रानातली सगळी मेंढरं एका दमात ओढ्यापर्यंत पळाली. शेजारचं रान बिरूचं. बिरू म्हणजे माझा धाकटा भाऊ, बिरुदेव. आमचं बोलणं नाही. त्यामुळे मेंढरं पळाल्याचं मला वाईट वाटलं, असं मी लिहिणार नाही.

कल्पना आमच्या लेकीची, उत्कर्षाची. तिने कॉलेजात धंद्याचं शिक्षण घेतलंय. गेल्या वर्षी आम्ही रानात हुरडा पार्टी सुरू केली. शहरातली माणसं येतात, बाजेवर बसतात, भाजलेली कोवळी ज्वारी शेंगाच्या चटणीबरोबर खातात, फोटो काढतात आणि जातात. पण उत्कर्षाचं म्हणणं, हुरडा आता अक्कलकोट रस्त्याला पावलापावलावर झालाय, आपल्याकडे काहीतरी वेगळं पाहिजे. म्हणून नाताळची गाडी. डब्यांना दिवे, लिंबाच्या झाडाला चांदण्या, सांताक्लॉज, मुलांना खाऊ, रानातून फेरी आणि मग हुरडा. लेकराबाळांना घेऊन दिवसभराची सहल.

माझं नाव श्रीमंत, मी एसटीत कंडक्टर होतो. निवृत्त झाल्यापासून घरातली माणसं माझ्याकडे बंद पडलेल्या घड्याळाकडे बघावं तशी बघतात. आता पुन्हा गाडी आहे, बेल आहे, उतारू आहेत. हे जमलं पाहिजे. न जमलं तर मी पुन्हा बाजेवर, आणि गाव म्हणणार की श्रीमंत कंडक्टरला म्हातारपणी खेळणं घेऊन दिलं होतं.

३ डिसेंबर, बुधवार

पहिलं बुकिंग आलं. सोलापुरातल्या एका बालवाडीच्या रूथ मॅडम. पंचवीस तारखेला दुपारी, प्रार्थना आणि जेवणं आटपून, त्यांच्या चर्चमधली आणि बालवाडीतली मुलं येणार. बाई समोरच्याला न बोलता सरळ बसायला लावतात. मी बसलो.

त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, गव्हाणी. बाळ येशूचा जन्म गोठ्यात झाला म्हणून कडब्याची गव्हाणी करायची आणि तिच्याजवळ खरी मेंढरं हवीत. दुसरी, सांताची दाढी खरी हवी.

"मागच्या वर्षी आमच्या सांताची दाढी एका मुलीने ओढली आणि ती तिच्या हातात आली," त्या म्हणाल्या. "सगळी बालवाडी रडायला लागली. सांतासुद्धा. तो आमचा शिपाई होता."

मी म्हणालो, खरी दाढी देतो. कंडक्टरने उतारूला नाही म्हणू नये ही जुनी सवय.

५ डिसेंबर, शुक्रवार

दोन दिवस दाढी शोधतोय. कुंभारीत पांढऱ्या दाढ्या तशा पुष्कळ, पण सगळ्या आठवडाभर आळस केलेल्या. छातीपर्यंत उतरलेली, कापसासारखी पांढरी, लोकांनी वळून बघावी अशी दाढी गावात एकच आहे, आणि ती बिरूच्या तोंडावर आहे.

आमचं का बोलणं नाही ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी माझी चूक काढायला नको. पायल ही बिरूची लेक. तिच्या लग्नात मांडवात फेटे बांधले. व्याह्यांना बांधले, मामांना बांधले, सरपंचांना बांधले, ताशा वाजवणाऱ्यालाही बांधले. नवरीच्या सख्ख्या थोरल्या चुलत्याचं डोकं मोकळं. मी भर पंगतीतून उठलो, घरी आलो आणि सोजरला पिठलं करायला लावलं. त्यानंतर बिरू दोनदा दारात आला होता. दोन्ही वेळा मी झोपलो होतो. म्हणजे डोळे मिटले होते.

अडचण एवढीच की माझी बायको सोजर आणि बिरूची बायको गोजर या सख्ख्या बहिणी. दोन भावांना दोन बहिणी दिल्या तेव्हा लोक म्हणाले, घर एक राहील. भावांचं बोलणं बंद झालं, पण बहिणी रोज बांधावर बसून दोन्ही घरांचं सगळं एकमेकींना सांगतात. उत्कर्षा पूर्वी गोजरला काकू म्हणायची. भांडणापासून मावशी म्हणते, म्हणजे मला आक्षेप घेता येऊ नये.

संध्याकाळी सलूनमध्ये गेलो होतो. भीमाला सहज विचारलं, बिरूनं ही दाढी कशासाठी वाढवलीय. भीमाच्या हातातली कात्री थांबली.

"आण्णा, तुमाला ठावं न्हाय व्हय?"

"मला काय करायचंय?" मी म्हणालो.

"मी त्या दाढीसाटी नवा वस्तरा बाजूला काढून ठेवलाय," तो म्हणाला. "कवा बोलावनं यील, सांगता येत न्हाय. समदं तुमच्या हातात हाय."

केस कापताना ही माणसं काहीही बोलतात.

८ डिसेंबर, सोमवार

सोजरला म्हटलं, तुझ्या बहिणीला विचार, तिचा नवरा एका दिवसाचा सांता होईल का. सोजर म्हणाली, "दाढी मागायची तर तुमीच जावा की. एक घोट चा पिऊन या." मी म्हणालो, जीव गेला तरी जाणार नाही. तिने सुस्कारा सोडला आणि बांधावर गेली.

बऱ्याच वेळाने निरोप घेऊन आली. तोंडाला पदर लावला होता. तिला हल्ली थंडीने सारखा खोकला येतो.

"व्हय म्हनलाय. सांता व्हतो म्हनलाय. पर एक अट हाय."

"कसली अट?"

"नाताळ होईस्तोवर आण्णानं माज्या दारात यायचं न्हाय. पंचवीस तारीख गेल्यावर कवाबी यावं. त्याच्या आदी पाऊल टाकायचं न्हाय."

हे ऐकून माझ्या अंगाची आग झाली. मी स्वतःहून जात नाही ही गोष्ट वेगळी. पण धाकट्या भावाने थोरल्याला दाराची बंदी घालावी? फेटा बांधला नाही तो नाही, वर आता उंबराही बंद. धंद्यासाठी गिळलं. रात्री जेवलो नाही. सोजरने आग्रहही केला नाही, तिचा खोकला थांबत नव्हता.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी रानात गेलो तर आमच्या दोघांच्या मधला बांध एका ठिकाणी फोडलेला. चांगली डबा जाईल एवढी वाट. माती बाजूला नीट ओढलेली, वर मुरूम टाकून दाबलेला, आणि ती वाट थेट बिरूच्या खळ्यावर जाते.

मी ओळखलं. गेल्या चार दिवसांपासून मी गडबडलोय, कारण ज्वारीच्या कडेने गेलेली गाडी शेवटी वळवायची कुठे ते जमत नव्हतं. मागे घ्यायची म्हटलं की शेवटचा डबा चारीत उतरतो. मी असा अडचणीत असताना बिरू बांध फोडून माझ्या रानात घुसायचा बेत करतोय.

उत्कर्षाला तिथे नेऊन दाखवलं. तिने त्या वाटेकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "पप्पा," ती म्हणाली, "आता गाडी तात्यांच्या खळ्यावरून वळेल की." मी म्हणालो, त्यानं केलेल्या अतिक्रमणाचा आपण फायदा घ्यायचा, हे बरोबर सुचलं तुला. ती माझ्याच वळणावर गेलीय.

१५ डिसेंबर, सोमवार

सांताची तालीम. उत्कर्षा बिरूच्या खळ्यावर शिकवत होती. मी ज्वारीत उभा राहून ऐकत होतो, कारण तालमीवर मालकाचं लक्ष पाहिजे.

"तात्या, सांता फार बोलत नाही. नुसतं हो हो हो म्हणायचं. मोठ्यानं."

"कुनाला हो म्हनायचं?"

"सगळ्यांना."

"पर इचारलं काय कुनी?"

"काही विचारत नाहीत. ते त्याचं हसणं आहे."

मग रानभर बिरूचा आवाज आला, "व्हय, व्हय, व्हय." दूर रस्त्याने जाणारा एक माणूस सायकलवरून उतरून म्हणाला, "काय ओ, मला बोलावलं का?"

"व्हय न्हाय, तात्या. हो."

"एकच की ते. आमी तर सरळ बोलतो."

मला हसू आलं आणि ते दाबताना ठसका लागला. ज्वारी हलली. पलीकडचं बोलणं थांबलं. मग बिरूचा आवाज आला, मुद्दाम मोठा काढलेला, "उत्कर्षा, कनसात रानडुक्कर शिरलंय वाटतं. थोरलं दिसतंय." मी तसाच वाकून बाहेर आलो.

कपडे आले. भाड्याने मिळणारा सांताचा कोट पातळ, आत दिवस दिसत होता. म्हणून लाल सोलापुरी चादर आणून शिंप्याकडून कोट शिवून घेतला. पाठीवर मोराची जोडी आली आहे, तिला इलाज नाही. टोप्या बाजारातून आणल्या, त्या सगळ्या पोरांच्या मापाच्या. माझ्या डोक्यावर घालून बघितली तर तांब्यावर वाटी ठेवल्यासारखी बसली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज येळवस. मार्गशीर्ष अमावास्येला रानात पाच दगडांचे पांडव मांडायचे, सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील घेऊन शेतातच जेवायचं. वडील होते तेव्हा दोघांचं एकच ताट असायचं. आता बांधाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते.

आंबिलीचा तांब्या इकडून तिकडे गेला, भज्जीचं पातेलं तिकडून इकडे आलं. बहिणी बांधावर मधोमध बसून दोन्हीकडे वाढत होत्या. बिरू माझ्याकडे पाठ करून बसला होता. वारा आला की दाढी खांद्यावरून मागे यायची. आंबील पिताना ती एका हाताने वर धरून पीत होता. मला एकदम आठवलं, लहानपणी तो आंबील पिताना अंगावर सांडायचा आणि मी त्याची कॉलर धरून ठेवायचो.

आवाज न करता जेवलो. भज्जी गोजरच्या हातची होती, ती मी दोनदा घेतली. भाजीशी माझं भांडण नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

गाडीची पहिली फेरी. इंजिन मी चालवायचं म्हटलं तर उत्कर्षा नको म्हणाली. ती चालवणार. मी मागे, बेल माझ्याकडे. एक बेल थांबा, दोन बेल चला. बसणाऱ्या सोजरला मी दोनदा पुढे सरकायला सांगितलं. डब्यात ती एकटीच होती. पण शिस्त पहिल्या दिवसापासून लागते.

बिरूच्या खळ्यावर गाडी मखमलीसारखी वळली. गोजर दारात आली आणि इंजिनला हळदीकुंकू लावून पाण्याचा तांब्या ओवाळून टाकला. पाणी माझ्या बुटावर पडलं. आत, दाराच्या आड, पांढरं काहीतरी हललं. मी दुसरीकडे बघत होतो, म्हणून मला दिसलं नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

सकाळपासून मी कोट आणि टोपी बिरूकडे पोचवण्यासाठी माणूस बघत होतो. उत्कर्षा खाऊ आणायला सोलापूरला गेलेली. सोजर म्हणाली गुडघा दुखतोय. मग बसल्या बसल्या मला त्या अटीची आठवण झाली आणि डोकं तापलं. ज्या घराची पायाभरणी मी केली, ज्याच्या पत्र्यांना खिळे मी ठोकले, त्या घराच्या दारात मी पाऊल टाकायचं नाही?

"मी जातो," मी म्हणालो. "बघतो कोण अडवतंय."

मला वाटलं सोजर अडवेल. ती गुडघा विसरून उभी राहिली. "जावा की. आत्ताच जावा," म्हणाली. "आनि गोजरनं चा दिला तर न्हाय म्हनू नका. पाहुन्यानं न्हाय म्हनू नये." मी निघालो तेव्हा ती फोनवर कुणाला तरी, "वस्तरा घे आनि ये," असं काहीसं सांगत होती. मी लक्ष दिलं नाही.

बिरू पडवीत आरशासमोर दाढी विंचरत होता. आरशात मला बघून त्याच्या हातून फणी पडली. तो वळला आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "आण्णा, तितंच थांब. पाया पडतो तुज्या. उंबरा वलांडू नगं."

इतक्या वर्षांनी भाऊ बोलला आणि बोलला तर हे. मी उजवं पाऊल आत टाकलं. मग डावं टाकलं.

गोजर आतून गुळाचा चहा घेऊन आली. एवढ्या लवकर आली की चहा आधीपासून चुलीवर असणार. "गोजरे, चा देऊ नगं," बिरू ओरडला. "माघारी ने तो."

माझ्या तोंडावर माझ्या चहाला नाही म्हणतो. मी गोजरच्या हातातून कप घेतला आणि एका दमात संपवला. जीभ भाजली. कप बशीवर ठेवला आणि म्हणालो, "काय करनार हाईस?"

बिरू मटकन खाली बसला. गोजरने देव्हाऱ्यातला भंडारा आणून आधी त्याच्या आणि मग माझ्या कपाळाला लावला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "फिटला," ती म्हणाली.

"काय फिटला?"

"नवस, दाजी. तुमाला खरंच ठावं नव्हतं? गावाला ठावं हाय की."

मग बिरूने सांगितलं, खाली बघत. पायलच्या लग्नानंतर मी दोनदा झोपलो, तेव्हा तो बिरोबाला गेला आणि शब्द देऊन आला. आण्णा माझ्या दारात येऊन चहा पिईल त्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, दाढी उतरवेन. तोवर वस्तरा लावणार नाही.

"उद्याच्याला प्याला असतास तर काय बिघडत हुतं का आण्णा?" तो म्हणाला. "म्हनून तर निरोप धाडला हुता, नाताळ झाल्यावर ये म्हनून. इतकी वर्सं आला न्हाईस. आनि आलास तर नेमका आज आलास."

मी म्हटलं, "एक दिवस उशिरा उतरव की. देव समजून घेईल." बिरूने देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. देवाला शब्द दिला की दिला. मीही धनगराच्याच पोटचा आहे.

भीमा तोपर्यंत पेटी घेऊन दारात उभा होता. वस्तरा खरोखर नवा होता. दाढीखालून आमच्या वडिलांची हनुवटी निघाली, मधे खळी असलेली. बिरूने चेहऱ्यावरून हात फिरवला आणि हसला. मला रडू आलं. मी भीमाला म्हणालो, तुझ्या साबणाचा वास फार उग्र आहे.

घरी येताना लक्षात आलं की उद्या गाडीला सांता नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

उत्कर्षाला काल सांगितलं तेव्हा ती आधी इतकी हसली की भिंत धरावी लागली. मग सोजरला मिठी मारली, आणि मग म्हणाली, "पप्पा, सांता तुम्ही व्हा. सांता जाडाच असतो." इतकी वर्षं ज्या पोटावरून घरात टोमणे ऐकले ते शेवटी कामाला आलं. कोटाची बटणं लागेनात म्हणून पोटावर एसटीचा जुना पट्टा बांधला. पाठीवरचे मोर ताणून शहामृगाएवढे झाले.

उतरवलेली दाढी बिरोबाला वाहायची, तिला हात लावायचा नव्हता. दाढीचा प्रश्न बिरूने सोडवला. मेंढराची लोकर आणली. पण आमच्याकडची मेंढरं काळी, लोकर काळी. सांता काळ्या दाढीचा दिसायला लागला. सोजरने उपाय म्हणून तिला ज्वारीचं पीठ चोळलं. लांबून पांढरी दिसत होती. जवळून मी गिरणीतून आल्यासारखा दिसत होतो, आणि बोललो की पीठ उडत होतं.

दुपारी बस आली. मुलं उतरली, रूथ मॅडम उतरल्या, त्यांनी माझ्याकडे खालून वरपर्यंत बघितलं.

"खरी दाढी कुठे आहे?"

मी सगळं सांगितलं. फेटा, नवस, चहा. मला वाटलं आता बस वळून परत जाणार. हुरडा भाजायला घेतला होता, दिवे लावले होते. मॅडमनी विचारलं, "तुमचा भाऊ मेंढपाळ आहे?"

"व्हय."

"मग काळजी करू नका. येशूच्या जन्माच्या रात्री सांता तिथे नव्हताच. ती बातमी सगळ्यात आधी रानातल्या मेंढपाळांना कळली. त्यांना गव्हाणीजवळ उभं करा."

बिरूला निरोप दिला. म्हणजे मी स्वतः जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "मी हितंच तर असतो रोज."

गाडी भरली. मी दोन बेल मारल्या, शिट्टी झाली, मुलं किंचाळली. मी डब्याडब्यांतून खाऊ वाटत हो हो हो म्हणायला लागलो. इथे एक घोटाळा झाला. त्या भाषेत ते हसणं असेल, आपल्याकडे ते कबूल करणं आहे. एका मुलाने विचारलं, "सांता, मला सायकल देणार?" मी म्हणालो, "हो हो हो." दुसऱ्याने कुत्रं मागितलं. "हो हो हो." एकीने विचारलं, "उद्यापासून शाळा बंद का?" "हो हो हो." डब्यात आनंदाची लाट आली. मागच्या बाकावरचे पालक माझ्याकडे बघत होते, आणि तिकिटाचे सुटे पैसे न दिल्यावर उतारू बघायचे ती नजर मी ओळखतो.

पहिल्या बाकावरच्या मुलीने दाढी ओढली. मूठभर हातात आली. ती मुलगी रडली नाही. लोकरीचा वास घेऊन तिने जाहीर केलं, "मॅडम, ह्याची दाढी मेंढीची आहे." रूथ मॅडम म्हणाल्या, "हो. हा आपल्या इकडचा सांता आहे." विषय संपला.

बांधावरच्या फोडलेल्या वाटेतून गाडी वळली तेव्हा वाऱ्याने माझी ती वाटीएवढी टोपी उडवली. ती हुरड्याच्या आगटीत पडली आणि क्षणात जळून गेली. सांता बोडक्या डोक्याचा खळ्यावर पोचला.

खळ्यावर कडब्याची गव्हाणी, भोवती मेंढरं. खांद्यावर घोंगडं टाकून, छातीशी कोकरू धरून बिरू उभा होता. त्याने हात वर केला. उत्कर्षाने गाडी थांबवली. त्याने एकेकाला कोकराच्या पाठीवर हात फिरवायला दिला. कुणाशी फार बोलला नाही, नुसतं, "हळू. ल्हान हाय ते."

मग त्याचं लक्ष माझ्या डोक्याकडे गेलं. कोकरू गोजरकडे देऊन तो घरात गेला आणि एक घडी घालून ठेवलेला फेटा घेऊन आला. लाल, जरीकाठी. घडीत डांबराच्या गोळ्या होत्या, त्या खळ्यावर सांडल्या.

"हा कुनाचा?" मी विचारलं.

"तुजाच की," तो म्हणाला. "मांडवात समद्यांना भाड्याच्या मानसानं फेटे बांधले. तुजा मी येगळा आनला हुता, माज्या हातानं बांधनार हुतो, समद्यात शेवटी. घ्यायला आत गेलो आनि भाईर आलो तर तू पंगतीत न्हाईस."

सगळ्या गाडीसमोर त्याने तो माझ्या डोक्याला बांधला. त्याला फेटा चांगला बांधता येतो, वडिलांनी शिकवलाय. मी मान खाली घालून उभा होतो. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळी गाडी वाजवायला लागली.

ती लोकरवाली मुलगी पुढे आली आणि माझ्या कोटाचं टोक ओढून म्हणाली, "सांता, तू रडतोयस?"

सांता फार बोलत नाही.

"हो हो हो," मी म्हणालो.

डोळ्यांत ज्वारीचं पीठ गेलं होतं. नोंद असावी म्हणून लिहितो.

२६ डिसेंबर, शुक्रवार

रूथ मॅडमचा फोन आला. सायकल आणि कुत्र्यावरून काही घरांत भांडणं चालू आहेत, आणि शाळा उघडीच असल्याचं मुलांना पटत नाही. बाकी सगळ्यांना सहल आवडली. पुढच्या नाताळची तारीख त्यांनी आत्ताच धरून ठेवली, आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मात्र खरी दाढी हं."

सकाळी चहाला बिरूकडे गेलो होतो. फेटा परत द्यायचा होता. तो घेतला नाही. त्याला मॅडमचं बोलणं सांगितलं. तो आपली खळीची हनुवटी खाजवायला लागला.

"वर्सभरात तेवडी व्हायची न्हाय, आण्णा," तो म्हणाला. "आनि वाढवायची म्हनलं तर कायतरी कारन पायजे. भांडावं लागंल आपल्याला."

मी उत्कर्षाला कापसाची दाढी आणायला सांगितली आहे.